उजवा ड्राइव्ह

नोव्हेंबर. सेंट क्लेअर तळ्यानं अजून बर्फ धरलेलं नाही,
पण शेडच्या पत्र्याला हात लावला की कातडी चिकटू बघते.
ट्रेलरवर अडतीस फुटी बोट,
कडेला उडत चाललेल्या सोनेरी अक्षरांत नाव: पेशन्स.

गिऱ्हाईक ओहायोहून पहाटेच निघून आलेलं. हॅडिक्स.
त्याला इंजिनं ऐकायची होती.
इंजिनं सगळेच ऐकतात, मी म्हणालो,
आवाज लावता येतो.
मी मागे गेलो. तिथे दोन ड्राइव्ह
धक्क्यावर बसलेल्या पोरांच्या पायांसारखे लोंबत होते.
गुडघ्याखाली पोतं घेतलं.

विकणारी बाजूला उभी, कॉरिन व्हँडरकोक,
बापाचा कोट अंगात, बाह्या दोनदा दुमडलेल्या.
"बाबा शाळेत मुलांना गाडी चालवायला शिकवायचे.
चाळीसच्या वर काटा कधी गेला नाही.
आम्हाला आइस्क्रीमसुद्धा बोट थांबवून."
विकणारे सगळे असंच काहीतरी सांगतात.
मी मान डोलावली आणि डाव्याचं बूच सैल केलं.

डाव्यातून तेल आलं निळसर, दाट, शहाणं.
बुचाच्या चुंबकावर थोडी राखाडी लव,
तेवढी कुणाच्याही पोटात निघते.
रबरी भात्याची घडी न् घडी टॉर्चनं उलगडून पाहिली.
साखळीवर ड्राइव्ह उतरवून आतलं बेअरिंग बोटानं फिरवलं:
गुरगुर नाही.

उजव्यानं आधी चमचाभर पाणी थुंकलं,
मग तेल, दूध जास्त पडलेल्या चहासारखं.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण माणसांबद्दल म्हणतो.
इथं मला फक्त जागा शोधायची होती.

पंखा निघेना.
नट सुटला, पंखा नाही.
लाकडी ठोकळा, हातोडा, तीन शिव्या,
त्यातली एक पोलिश, माझ्या आजोबांची.
शेवटी कचकन निघाला.
मागे गळाची दोरी वेढे घेऊन बसलेली,
तिनं सील कापलेली. चला, पाणी सापडलं.

मग शाफ्टवर टॉर्च गेला.
त्यावरच्या खाचा सरळ असायला हव्यात,
कंगव्याच्या दातांसारख्या.
या एका अंगाला कलल्या होत्या,
कुणी ओला टॉवेल पिळता पिळता
मध्येच हाक आल्यासारखा सोडून गेला असावा.

"हे कशानं?" कॉरिननं विचारलं.
मी आधी हात पुसले. नीट पुसले.
मग सांगितलं: चाळीसला असं होत नाही.
ऐंशी-नव्वदला होतं. लाटेवरून बोट हवेत जाते,
पंखे पाण्याबाहेर येऊन मोकळेच किंचाळतात,
आणि खाली आपटताना
ज्याचा हात थ्रॉटलवरून मागे येत नाही
त्याच्या शाफ्टला असा पीळ बसतो.
एकदा नाही. पुष्कळदा.

हॅडिक्स तिथल्या तिथे बारा हजार खाली आला.
ती बरं म्हणाली. हिशेबसुद्धा केला नाही.

"मंगळवारी," ती मग म्हणाली, कुणाला ते कळलं नाही,
"शाळेच्या आधी एकटेच जायचे.
इंजिन चालतं ठेवावं लागतं म्हणायचे.
येताना डोनटचा खोका, कान लालभडक,
आणि त्या दिवशी आमच्यातल्या कुणालाच
दार हळू लावा म्हणून सांगायचे नाहीत."

हॅडिक्स फोन घेऊन बाहेर गेला.
तिनं हातमोजा काढला.
"टॉर्च जरा हलवू नका."
एका खाचेत बोट ठेवलं, कललेल्या दिशेनं नेलं,
टोकाशी आली की पुन्हा मागे, पुन्हा सुरुवातीपासून.
लोखंड इतकं गार होतं की माझेच दात दुखले.

मी फॉर्म भरला.
डावा: ठीक.
उजवा: सील गेलेली. शाफ्ट पिळलेला, बदलावा.
मग पंखा परत चढवायला घेतला.
तो काही केल्या बसेना.
ती म्हणाली, राहू द्या.