धुतलेल्या बरण्या

कौनासच्या रुग्णालयात, सप्टेंबर संपता संपता,
आमच्या वॉर्डातली एखादी खाट दरवर्षी जंगलाची असते.
या वर्षी ती स्तेफानियाबाईंची.
वय चौऱ्याहत्तर, वजन एकावन्न,
नखांत अजून ओकच्या झाडाखालची माती.

"साठ वर्षं अळंबी वेचतेय,"
त्या मला सुनावून म्हणाल्या,
जणू चूक माझी होती.
हिरवट टोपी, पांढरा देठ,
लोण्यात परतून वर शेपू.
चव कशी होती, विचारलं.
"फार छान," म्हणाल्या,
आणि तोंड वळवून ओकल्या.

हे विष सभ्य असतं.
पहिले दहा तास ब्र काढत नाही.
मग दिवसरात्र आतडी पिळतं,
आणि तिसऱ्या सकाळी माणूस उठून बसतो,
चहा मागतो,
खाटेखाली बूट शोधतो.
घरचे हसतात.
आम्ही त्या सकाळीच सगळ्यात जास्त घाबरतो.

नातू गिंताउतास ट्रॉलीबस चालवतो.
गणवेशातच आला होता.
"उलटून तर सगळं पडलं,
मग विष आहे कुठे अजून?"
मी फाइलच्या पाठीवर पेन्सिलने काढलं:
हे आतडं, ही शीर, हे यकृत.
पोटातलं सगळं आधी इथे हजर होतं.
सणाची बिअर, डोकेदुखीची गोळी,
शिळ्या जेवणातलं काहीबाही,
एकेकाची झडती होते,
नखं काढून, पाण्यात विरेल असं करून
बाहेर काढलं जातं,
काही मूत्रपिंडाच्या दाराने, काही पित्तातून.
आयुष्यभर. कुणी आभार मानत नाही.

यालाही यकृताने नियमाने पित्तात टाकलं.
पित्त आतड्यात उतरलं.
आणि आतडं काटकसरी,
युद्धानंतरच्या बायकांसारखं.
सुतळीचा तुकडा टाकवत नाही त्याला.
शेवटच्या वळणावर ते पित्त गोळा करतं,
परत वर पाठवतं,
आणि पित्तासोबत हेही.
पेशी मरतात. पुन्हा पित्त. पुन्हा वर.

गिंताउतास बराच वेळ बघत राहिला.
"वर्तुळाचा मार्ग," म्हणाला.
"शेवटचा थांबाच नाही.
कुणी उतरतच नाही."

म्हणून दर चार तासांनी कोळसा.
पाण्यात कालवलेला, काळाकुट्ट,
ओठांना, दातांना, उशीला.
"हा उतरवतो का लोकांना?"
"उतरवतो. मिळतील तितक्यांना."

काळीज म्हणताना लोक
हात छातीवर डावीकडे ठेवतात.
रात्री तीनला मी उजवीकडे,
बरगडीच्या खाली, बोटं टेकवते.
इथे, बाई? इथे दुखतं?
त्या मान हलवतात.
बोलत नाहीत आता.

सलाईनमधून थेंब थेंब उतरत होतं
जांभळ्या काटेरी फुलाच्या बियांतलं औषध.
शुद्धीत असताना त्यांना सांगितलं होतं.
"ते? ते माझ्या कुंपणाला येतं.
दर वसंतात उपटते मी."

सहाव्या दिवशी डोळे
जुन्या वर्तमानपत्राइतके पिवळे.
सातव्या दिवशी आकडा वाढायचा थांबला.
उतरला नाही. नुसता थांबला.
डॉक्टर काही म्हणाले नाहीत,
पण जिना उतरताना शीळ घालत होते,
बेसूर.

अकराव्या दिवशी स्तेफानियाबाईंनी पहिला प्रश्न विचारला,
तळघरातल्या बरण्यांचं काय केलं?
एकवीस होत्या, खारवलेल्या अळंब्यांच्या,
दोन वर्षांच्या.
"एकात वाईट निघालं
म्हणून सगळं टाकायचं नसतं."

गिंताउतासने माझ्याकडे पाहिलं.
मी चार्टमध्ये काहीतरी लिहायला लागले.

अळंब्या त्याने परसात खड्डा करून पुरल्या,
वर चुना टाकला, दगड ठेवला.
बरण्या मात्र धुतल्या,
उकळत्या पाण्याने, तीनदा,
आणि खिडकीत पालथ्या घातल्या.
फोटो काढून आजीला दाखवला.

त्यांनी बोट लावून मोजल्या.
"वीसच आहेत," म्हणाल्या.