संध्याकाळची बंदी

शालिमारच्या मुश्ताकभाईंनी पिशवीला रबर लावताना
जातीचं नाव सांगितलं : कॉनव्हिक्ट. अंगावर पट्टे, म्हणून.
पोरगा हसत सुटला, आई, तुझ्या ड्यूटीवरचेच.
मी म्हटलं, आमच्याकडे पट्टे नसतात रे,
साधे पांढरे कपडे असतात.
मग पोरगा गेला पुण्याला, कोर्सला,
आणि दोन फुटांची टाकी आली माझ्या गळ्यात,
जेलरोडच्या क्वार्टरमध्ये, फ्रिजच्या शेजारी.

मार्गशीर्षात मादीचं पोट नारिंगी झालं.
आडव्या कुंडीत तिनं अंडी चिकटवली,
खसखशीपेक्षा मोठी, साबुदाण्यापेक्षा लहान.
तिसऱ्या दिवशी ती वळवळली.
आठव्या दिवशी पोहायला लागली :
डोळे आणि शेपटी, मधलं अजून आलेलं नव्हतं.

चेहेडीहून आलेलं दारणेचं पाणी
बादलीत रात्रभर उघडं ठेवते, क्लोरीन उडावं म्हणून.
उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून पिळते,
सुईच्या टोकावर मावेल तेवढाच.
पहिल्या वेळी हात सैल सुटला.
सकाळी पाणी दुधाळ, आणि तळाशी
बारीक पांढरा धुरळा.
कुणाला कळवायचं? कुठल्याच रजिस्टरात त्यांची नावं नव्हती.

थंडीत पहाटे तीनला लाइट गेली.
हीटर गार. निफाडकडून येणारा वारा खिडकीच्या फटीत.
मी पातेल्यात पाणी तापवलं, बाटल्यांत भरलं,
बाटल्या टाकीत तरंगत सोडल्या
आणि शाल पांघरून बसले, ड्यूटीवर बसते तशी.

भरकटलेलं पिल्लू आई तोंडात घेते.
पहिल्यांदा वाटलं, खाल्लं. मी काचेवर थापच मारली.
पण तिनं ते घोळक्यात नेऊन टाकलं,
चूळ भरल्यासारखं, सहज.

मोजून पाहिली.
सतरा वर्षं मोजतेय मी, जोडीजोडीनं बसवून,
सकाळी, दुपारी, संध्याकाळी.
ही बसत नाहीत.

सात वाजता दिवा मालवायला उठते,
त्याआधीच तिला कळलेलं असतं.
ती पंख कसेसेच झटकते, पिल्लं खाली बसतात,
राहिलेली तोंडातून आणून आणून कुंडीत सोडते.
बाप कुंडीच्या तोंडाशी.
किल्ली नाही, शिट्टी नाही, हाक नाही.
मी बटणावर बोट ठेवून उभी.

महिला बराकीत यमुना गावितची रेश्मी.
आतच जन्मलेली. तिला मी माशांचं सांगायचे.
ती विचारायची, त्यांची टोटल झाली का?
मी म्हणायचे, झाली.
खोटं बोलायचे.

सहा पूर्ण झाले की नियम आहे.
फाल्गुनात संस्थेच्या बाई न्यायला आल्या.
यमुनानं तिची वेणी तीनदा सोडली, तीनदा घातली.
गेटपर्यंत मी नेलं, बोट धरून.
बाहेरचा रस्ता बघून ती थांबली.
एवढा रुंद, म्हणाली.
मग रिक्षा आली म्हणून चढली, इतकंच.

परत आत गेले तेव्हा यमुना भांडी घासत होती.
एकच ताट घासत होती, बराच वेळ.

चैत्रात टाकीतल्या मादीनं पुन्हा कुंडी घासायला घेतली.
कालपर्यंत जिनं तोंडात सांभाळली
ती आता त्याच पिल्लांच्या शेपट्या तोडते.
तिला राग नाही आलेला, जागा हवी आहे.
मुश्ताकभाई म्हणाले, आणा, घेतो,
पण पैसे नाही मिळणार, ही फार होतात.

चार पिशव्या, मांडीवर, बसमध्ये.
बिटको चौकात सिग्नल लागला.
पिशवीतली सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी,
उन्हाकडे.

किती आहेत? त्यांनी दुकानात विचारलं, पावतीसाठी.
मोजली नाहीत, म्हटलं.
अंदाजे?
लिहा काहीही.