सिग्नल पिस्तूल

मंगळवार बाजारात, सायकलच्या चेनांखाली
येमुलमामांना पहिलं सापडलं.
रुंद तोंडाचं, जर्मन शिक्क्याचं,
भंगाराच्या भावात, वजनावर.
आता चार आहेत. पिना काढलेली,
चादरीच्या चिंध्यांत गुंडाळलेली.

रिकाम्या काडतुसाच्या कडेला खाचा,
अंधारात बोटांनी रंग कळावा म्हणून.
मामा डोळे मिटून सांगतात: तांबडा.
मिलमध्ये सुताचा काउंट असाच सांगायचे,
भोंगा बंद होईपर्यंत.

"यानं माणूस मारायचा नसतो रे,
नुसतं वर कळवायचं, मी इथं आहे."
कुणाला, ते मी विचारलं नाही.

गड्ड्याच्या दारूकामाला अख्खी साखर पेठ गच्चीवर.
मामा खालीच,
शिलाई मशीनचं तेल, कापसाचा बोळा,
आणि मधूनच एक कोरडा
खट्ट.