काट्यावरची बाई

नऊ वर्षं मी पाळीच्या खाणीवर काट्याला होते.
ट्रक चढायचा, आकडा थरथरायचा, थांबायचा,
मी पावती फाडायची.
दहा टन. सव्वादहा. रात्रपाळीला कधी चोरून बारा.
केसांत, पदरात, चहाच्या कपाच्या कडेला
तांबडी धूळ.
बार्जी भरून मिनेर नदीने खाली जायचं
आणि माझ्या हिरड्या पांढऱ्या पडत होत्या.
गावाचंच नाव पाळी,
पण दर महिन्याला माझ्यातून जे जायचं
त्याची पावती कुणी फाडली नाही.

साखळीच्या दवाखान्यात बोटाला टोचलं.
सात पूर्णांक नऊ.
फुर्तादो डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली,
म्हणाल्या, रत्नप्रभा, शरीराचं दार अरुंद असतं गं,
दिवसाला फार तर दोन मिलिग्राम आत घेतं.
सवयच ती. मी तिथल्या तिथे हिशेब मांडला:
माझा एक ट्रक संपवायला
ऐंशी लाख वर्षं.

मग त्यांनी मला प्रत समजावली.
ती मला कळते. अठ्ठावन्न टक्क्यांचा माल बंदरावर,
हलका माल डोंगराशेजारी डंपवर.
तांबड्या भाजीतलं लोखंड हलकं,
शंभरातलं चार-पाचच आत शिरतं, उरलेला डंप.
बांगड्याच्या पाठीलगतच्या काळ्या मांसातलं
ओळखीच्या माणसासारखं न विचारता आत येतं.
भाजीवर लिंबू पिळलं तर तिचाही नंबर लागतो.
आणि जेवणावर चहा?
चहा म्हणजे ट्रक फाटकातूनच माघारी.
दिवसाला पाच कप, नऊ वर्षं.
हा गुणाकार मी केला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पोटात मुरडा,
शौचाला काळं, जिभेवर खिळ्याची चव.
पंधरा दिवसांनी पुडी फडताळात मागे सरकवली.
बाई रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, तू एकटी जेवत नाहीस,
आत वस्ती आहे. कोट्यवधी जीव.
लोखंड त्यांनाही हवं असतं.
तू एकदम ढीग ओतलास
की दांडगे माजतात, गरीब कोपऱ्यात जातात.
काही आंबट सोडून लोखंड सुटं करून देतात,
काही दाराच्या कडीवर हात ठेवून बसतात,
आणि काहींना तर ते लागतच नाही,
त्यांना नुसती पेज पुरे.

मला माझे आजे आठवले.
भाटकाराने विहीर बुजवली, वाट अडवली,
म्हाताऱ्याने घर सोडलं नाही.
मुंडकार, शेवटपर्यंत.
म्हणजे मीही भाटकारीण झाले की काय,
माझ्याच आतड्यात?
गेल्या चवथीच्या आधी तापावर घेतलेल्या
त्या लाल-पिवळ्या कॅप्सूल,
पूर्ण कोर्स,
किती घरं उठवली असतील मी
नोटीस न देता.

आता गोळी एक दिवसाआड.
सकाळी उकड्या तांदळाची रात्रभर आंबलेली पेज,
बरोबर करमलाचं लोणचं.
इझाल्दिना बुधवारी तिसऱ्या घेऊन दारात येते,
वाटा घालताना दोन जास्त टाकते, म्हणते,
तुझ्या रगताक.
भाजी आईच्या लोखंडी कढईत,
जी मी स्टील आणल्यावर कोंबड्यांना पाणी ठेवायला दिली होती.
तीन महिन्यांनी नऊ पूर्णांक चार.
बाई म्हणाल्या, सावकाश.

खाण बंद आहे. काट्याची केबिन उघडी.
परवा तिथून येताना फळीवर उभी राहिले.
यंत्र मेलेलं, आणि चालू असतं तरी
दहा किलोखालचं त्याला कळायचं नाही.
माझं वाढलेलं लोखंड
एका खिळ्याइतकंही नसेल.

घरी आले. जेवले.
चुलीवर आधण चढवलं, आणि मग उतरवलं.
तासभर थांबायचं आहे.
आत त्यांची पंगत बसली असेल,
मध्येच उठवू कशी.