हुकांची पुडी

पाचपावली ठाण्यातून मिळालेली प्रत
मी आधी उभी धरली, मग आडवी.
माझ्या वहीत असतात तसेच आकडे :
एकशे अठरा, कंसात दोन.
तीनशे बावन्न.
तीनशे एकावन्न, कंसात दोन.
तीन, कंसात पाच.

छाती छत्तीस, बाही साडेनऊ, मागचा गळा आठ —
एवढ्यावरून मला अख्खी बाई उभी करता येते.
या आकड्यांतून जो उभा राहिला
तो पोट्टा माझ्या ओळखीचा नव्हता.
नाव मात्र आमच्याच घरचं :
मोरेश्वर नथ्थूजी हेडाऊ, वय बावीस.

कोर्टाच्या आवारात टायपिंगवाले ढबाले काका म्हणाले,
अवं, हे जुनं तीनशे सव्वीस.
नंबर बदलले, मार तोच हाय.
कोणाचं काय मोडलं?
म्हटलं, तेच तर कळत नाही.
ते हसले नाहीत.
की-बोर्डवरची धूळ फुंकत राहिले.

निंबाखाली एकजण भेटला, काळी पँट, कोट नव्हता.
साहेब आपल्या वळखीचे. पंचवीस हजार. होऊन जाईन.
दुसऱ्याने कागद न उलगडताच परत दिला. होऊन जाईन.
तिसऱ्याने विचारलं, घर सोताचं का भाड्याचं?
आणि मग, होऊन जाईन.
दुपारपर्यंत तो शब्द माझ्या कानात
रिकाम्या बॉबिनच्या मशीनसारखा चालत होता,
टाका एकही पडत नव्हता.

विधी सेवेच्या खोलीचा रस्ता ढबाले काकांनीच दाखवला.
पोट्टा आत हाय ना? मग वकील त्याचा हक्क हाय,
पैसे नाही लागत.
मला वाटलं, फुकटचं कापड,
पहिल्याच धुण्यात रंग सोडणार.

किरण गोंडाणे वकील माझ्याहून लहान निघाल्या.
कोटाचं अस्तर बगलेत उसवलेलं,
अर्धा डबा तसाच, त्यात भेंडी.
फुटपट्टी ओळीखाली धरून
त्यांनी सगळं वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं.

हे तीन, कंसात पाच — कळलं का, ताई?
नाही.
चौघांचा इरादा एक, असं म्हणणं आहे.
हात एकाचा, गुन्हा चौघांचा.
तुमच्या भावाचं नाव चौथं. रॉड त्याच्या हातात नाही.
त्याच्याबद्दल एवढंच लिहिलंय : सोबत उभा होता.

उभा होता.
पानठेल्यापाशी, रात्री पावणेनऊला.
त्याला मी रोज म्हणते,
उजेडात नको येऊ, उभा काय राहतो, बस.

तो तिथे कशाला गेला होता?

हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.
पराते बाईंचे तीन ब्लाउज सकाळी द्यायचे होते,
हुक संपले होते.
तो म्हणाला, उद्या आणतो.
मी म्हटलं, आत्ता.

त्यांनी च्च केलं नाही. पेनाचं टोपण काढलं.
हुक कोणत्या दुकानातून?
दुकान किती वाजता बंद होतं?

पुडी घरीच होती, मशीनच्या खणात.
पोलीस यायच्या आधी तो ती तिथे ठेवून
जेवायला बसला होता.
आत चिठ्ठी, पेन्सिलची :
हुक तीन डझन, सदतीस रुपये.
तारीख होती. वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्यापुढे ठेवली.
त्यांनी ती उजेडात धरली,
मी कापडाचा धागा बघते तशी.
दुकानदाराला हा आठवेल? आठवला तर येईल इथवर?
मंगळवारी जामिनाचा अर्ज लावते.
जामीनदाराची टॅक्स पावती आणा.
भावाला सांगा, आत कोणाशी यावर बोलू नको.

सुटेल ना तो, मॅडम?

त्यांनी चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत सरकवली.
पाहू, म्हणाल्या.

तीन दिवसांत हे कोणीच म्हटलं नव्हतं.