तळटीप

नाटकात राक्षसाचं काम मारुती मोदगेकरला मिळालं,
राणीचं त्याच्या मेहुणीला,
मला तळटीप.

म्हणजे कादंबरीत पानाच्या तळाशी
बारीक टाइपात जो चावटपणा चाललेला असतो
तो मी मध्येच येऊन बोलायचा,
माइकच्या अगदी जवळ, चहाडी केल्यासारखा.
राक्षस गरजणार : थांब, तुझा घोट घेतो!
आणि मी हळूच :
घोट हे या राज्यातलं माप आहे.
अडीच घोट म्हणजे एक पुजारी.

शहापुरात गादीवाल्याच्या माडीवर
आठ रविवार रेकॉर्डिंग चाललं.
राक्षसाची पावलं म्हणून
कुद्रेमनीहून आणलेलं रताळ्यांचं पोतं आपटायचो.
सहाव्या भागापासून राक्षस हलका चालतो,
कारण तोवर आम्ही निम्मा उकडून खाल्ला होता.
हे ऐकणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.
बाकी सगळं आलं.

खडेबाजारातले किल्लेकर, स्टेशनरीवाले,
कादंबरी काउंटरवर उघडून, ओळीवर बोट ठेवून ऐकतात.
म्हणाले, दुसऱ्या भागात एक घुबड गाळलंत.
मी म्हटलं, त्याला बोलायला काही नव्हतं ओ.
‘पण ते बघत होतं की!’
दोन रात्री ते घुबड माझ्या पंख्यावर बसून होतं.

सांबरेकर हेडमास्तर निवृत्त झालेत, लाल पेन झालेलं नाही.
‘मूळ राक्षस शुद्ध बोलतो.
तुम्ही त्याला खाऊलालो म्हणायला लावलंत.
राक्षसाला काही दर्जा आहे की नाही?’
कंग्राळीच्या एका पोराची तक्रार उलटी :
राक्षस आमच्या मामासारखा बोलतो,
त्यामुळं भ्यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या रेल्वे गेटावर, मिरजेची गाडी यायची होती,
मी रिक्षावाल्याला किती वाजले विचारलं
तर मागच्या स्कूटरवरची बाई ओरडली,
‘अगो बाई, ही तीच, मधी मधी बोलणारी!’
आणि मग सांगत राहिली,
गोष्ट झकास हाय, फक्त तुम्ही जरा गप्प बसला असता तर
— गाडी आली, गेली, गेट उघडलं, स्कूटर सुटली.
वाक्य मीच पुरं केलं घरी जाताना,
तीन-चार प्रकारांनी.

खरं सांगते, शेवटचा भाग उरला होता तेव्हा
मी दिग्दर्शकाला म्हटलं, मला काढून टाका.
माझ्याशिवायही राजवाडा जळतो,
घोडा हिशेबात चुकतो,
राक्षस अंधाराला भिऊन रडतोच की.
तो म्हणाला, बघू.

मग वडगावातून नीलव्वा हत्तरकीचा निरोप आला.
फोनमध्ये तिचा आवाज, मागं चार यंत्रमाग,
मराठी कानडीच्या वळणाची :
‘अक्का, माग चालू असला की काय बी ऐकू येत नाही री.
सूत तुटलं की थांबतो.
गाठ मारेपर्यंत ऐकायचं, तेवढंच आमचं नाटक.
राक्षस कोण, राणी कुणाची, मला ठाऊक नाही.
थांबलं की दरवेळी तूच.
अडीच घोट म्हणजे एक पुजारी!
हसले री. गाठ चुकली.’

मारुती म्हणाला, दरवेळी तूच कशी असशील?
किती भाग, किती मिनिटं, हिशेब करून बघ.
मी केला नाही.

तिनं विचारलं होतं,
‘तू सारखं तो, तो म्हणतेस,
तो म्हणजे कोण?’
म्हणून गेले वडगावला.
बोळभर खडखडाट, खिडकीच्या गजावर सुताची धूळ.
नीलव्वानं कान पुढं केला,
मी वाकून पहिल्यापासून सुरुवात केली,
दोन्ही हात उंच, पोटातून आवाज काढून, राक्षसाचं वाक्य,

आणि तेवढ्यात सूत तुटलं.
त्या शांततेत मी एकटीच ओरडत होते :
‘खाऊलालो तुला!’

पलीकडच्या मागावरच्या पोरानं मान वर केली.
जरा विचार केला.
‘मोदगेकर बरा होता,’ म्हणाला.