धारकास, मागताक्षणी

शौकतभाई मुल्लाजी नोट चिमटीत धरत नाहीत.
तळहातावर घेतात, तापातल्या लेकराचा हात घ्यावा तशी.
राबोडीतल्या त्यांच्या माडीवर
आधी पंखा बंद होतो, मग चहा, मग अमेरिका.

दोन डॉलर. सन अठराशे सत्तावन्न.
मागची बाजू कोरी.
पुढे एक बाई गव्हाच्या पेंढीला टेकलेली,
तिच्यामागे नदीत चाकाची आगबोट.
कडा कातरीने कापलेल्या, तिरक्या.
कापणाऱ्याला घरी जायची घाई होती
हे मला कुणी सांगावं लागत नाही.

अठ्ठावीस वर्षं मी नोटा मोजल्या,
चेंदणीच्या पतपेढीत, खिडकी नंबर दोन.
ओल्या स्पंजची डबी, अंगठ्याला रबरी टोपी,
मासळीच्या वासाच्या दहा-दहाच्या गड्ड्या,
आणि दुपारी खाडीवरून वारा सुटला
की सगळ्यावर पितळी वजनं.

लोक विचारतात, डॉलर का? मुलगी तिकडे असते का?
मुलगी डोंबिवलीला असते.
मला डॉलर नकोत. मला बुडालेल्या बँका हव्यात.
तिकडे तेव्हा गावोगाव पेढ्या होत्या,
ज्याची त्याने आपली नोट छापलेली.
पेढी बुडाली. बाई, पेंढी, आगबोट
कागदावर होती तशीच राहिली.

शौकतभाईंकडे गरुडाची आहे, गव्याची आहे,
छापताना बिघडलेल्या नोटेच्या जागी आलेली
तारेवाली आहे.
छान आहेत. बघते, परत करते.
माझी नजर खाली जाते, डाव्या कोपऱ्यात.
तिथे कॅशियरची सही, टाकाने केलेली,
शाई आता चहाच्या डागासारखी.

ह्याचं नाव लागत नाही.
पण शेपटी बघा. ही त्या दिवसाची शंभरावी असणार.
पहिल्या दहा सह्यांत माणूस नाव लिहितो,
पुढे नुसता हात जातो.
वर छापलंय, धारकास मागताक्षणी देऊ.
देऊ म्हणताना त्याला माहीत होतं का?

मला नव्हतं.
चौकशीत मी तसंच सांगितलं.
शेवटच्या उन्हाळ्यात संचालकांचे मेहुणे
मागच्या दाराने येत होते, बॅगा घेऊन.
मी मान वर केली होती.
मग खाली घातली, आणि पुढची पावती ओढली.

मागल्या मंगळवारी पर्समधून एक कागद काढून
मी शौकतभाईंच्या तळहातावर ठेवला.
मुदत ठेव पावती. रुपये पंचवीस हजार फक्त.
हिरवी नक्षी, शिक्क्यात शिडाचं गलबत.
ठेवीदार: हिराबाई पोशा नाखवा.
खाली मी.
म्हातारी गेल्यावर सुनेने आणून दिली होती,
ताई, तुम्हीच ठेवा, सही तुमचीच आहे.

त्यांनी भिंग लावलं. उजेडासमोर धरलं.
"कागद बरा आहे. किंमत काही नाही."
का?
"दुर्मिळ नाही ना, ताई. अर्ध्या चेंदणीच्या ट्रंकेत असेल.
दुर्मिळ व्हायला लोकांनी आधी फेकून द्यावी लागते."

तिकडच्या बायकांनी चुली पेटवल्या असतील,
पोरांना दुकान-दुकान खेळायला दिल्या असतील,
थंडीत फळ्यांच्या फटीत कोंबल्या असतील.
म्हणून ही एक उरली, आणि मी तिचे सहा हजार मोजले.
इकडे कुणी काही पेटवलं नाही.
पावती पिशवीत, पिशवी डब्यात, डबा देवामागे,
आणि दर दिवाळीला एकदा उघडून बघायचा.

दोन डॉलर पुठ्ठ्यात घालून मी तलावपाळीवरून निघाले.
कोपऱ्यावर हिराबाईची सून सुकट विकत बसलेली.
"ताई, शंभराचे सुटे?"
मी दहाच्या दहा दिल्या,
सवयीने दोनदा मोजून.

तिने मोजल्या नाहीत.